डार्विन, मेंडेल आणि मधलं गणित: हाल्डेन, फिशर, राईट, ओहता आणि आपल्या विदर्भातला सिकल सेल

रानजाई (धागाकर्ती)

शाळेच्या पुस्तकात डार्विन एका धड्यात आणि मेंडेलचे वाटाणे दुसऱ्या धड्यात, त्यामुळे आपला समज होतो की या दोघांचं पहिल्यापासून जमत होतं. अजिबात नाही. मेंडेलचा निबंध १८६६ ला छापून आला, १९०० मध्ये द व्हरीस, कोरेन्स आणि चेरमाक यांनी तो पुन्हा उजेडात आणला, आणि लगेच इंग्लंडात दोन तट पडले. एका बाजूला बेटसन, त्याचं म्हणणं वारसा वेगवेगळ्या घटकांनी येतो आणि नवीन जात झाली तर ती मोठ्या उडीनेच होणार. दुसऱ्या बाजूला पिअर्सन आणि वेल्डन, हे लोक माणसांची उंची, खेकड्यांची कवचं मोजायचे, त्यांना सगळीकडे हळूहळू बदलत जाणारे आकडे दिसायचे, मग ते म्हणायचे की मेंडेलचे हिरवे-पिवळे वाटाणे ठीक आहेत पण उंचीत कुठे हिरवं-पिवळं असतं? हे भांडण इतकं टोकाला गेलं की दोन्ही गट एकमेकांचे लेख अडवायला लागले.

आणि डार्विनची स्वतःची एक अडचण होतीच. आईबापांचे गुण मुलात मिसळून सरासरी होतात असंच तेव्हा सगळे धरून चालायचे. पण मग एखादा चांगला गुण दुधात पाणी घालत गेल्यासारखा दर पिढीला पातळ होणार, निवड कशाची करायची? १८६७ मध्ये फ्लीमिंग जेन्किन नावाच्या इंजिनिअरने नेमकं हेच विचारलं होतं. याचं उत्तर मेंडेलकडे होतं, कारण त्याच्या हिशोबात काही पातळ होतच नाही, घटक लपतो आणि पुढच्या पिढीत जसाच्या तसा परत येतो.

ही गाठ सोडवली १९१८ मध्ये रोनाल्ड फिशरने. त्याने गणिताने दाखवलं की एकाच गुणावर पुष्कळ जनुकं थोडाथोडा परिणाम करत असतील आणि प्रत्येक जनुक मेंडेलच्याच नियमाने चालत असेल, तर बाहेरून जे दिसेल ते पिअर्सनच्या गुळगुळीत आलेखासारखंच दिसेल. म्हणजे दोघंही बरोबर! हा निबंध आधी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला होता आणि तपासायला कोण, तर एक पिअर्सन आणि दुसरा बेटसनच्या गोटातला पनेट. तिथून फिशरने तो परत घेतला आणि शेवटी एडिंबरोला छापला, त्यात मदत केली लिओनार्ड डार्विनने, म्हणजे खुद्द डार्विनच्या मुलाने.

मग १९२४ पासून इंग्लंडच्या जे.बी.एस. हाल्डेनची निबंधमाला आणि १९३१ मध्ये अमेरिकेत सूअल राईटचा मोठा निबंध. उत्क्रांती जनुकशास्त्र म्हणतात ते या तिघांनी उभं केलं. मला यातलं सगळ्यात जास्त काय भावतं तर या लोकांनी गणित आधी मांडलं आणि पुरावा मागून चालत आला, कधी पाच वर्षांनी तर कधी तीस वर्षांनी. त्यावरच बोलायचंय. आणि हाल्डेनचं भारतात येऊन राहणं हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय आहे, तेही येऊ द्या.

प्रश्नचिन्ह

रुमाल टाकून ठेवतो. मी कॉमर्सवाला, त्यामुळे एक अगदी बेसिक शंका. प्रबळ गुण असेल तर तो पिढ्यानपिढ्या वाढत जाऊन शेवटी सगळ्यांमध्ये यायला नको का?

आकडेमोड

@प्रश्नचिन्ह, ही शंका बेसिक वाटते पण १९०८ मध्ये यूल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचं नाव घेऊन हाच मुद्दा चर्चेत आला होता. आखूड बोटांचा गुण प्रबळ आहे, मग हळूहळू चारातल्या तिघांची बोटं आखूड व्हायला हवीत, तसं का होत नाही? पनेटला उत्तर सुचेना, तो केंब्रिजला ज्याच्याबरोबर क्रिकेट खेळायचा त्या जी.एच. हार्डीकडे गेला. हो, तोच हार्डी, ज्याला पुढे १९१३ मध्ये रामानुजनचं पत्र आलं. हार्डीने दोन ओळींच्या गणितात सांगितलं की निवड नाही, स्थलांतर नाही, लग्नं गुण बघून होत नाहीत, लोकसंख्या मोठी आहे, तर जनुकाचं प्रमाण पिढ्यानपिढ्या आहे तेवढंच राहतं. प्रबळ असणं म्हणजे फक्त दिसण्यात वरचढ असणं, वाढण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याच वर्षी जर्मनीत श्टुटगार्टच्या वाइनबर्ग या डॉक्टरनेही हेच स्वतंत्रपणे मांडलं होतं, म्हणून हार्डी-वाइनबर्ग.

याची किंमत कशात आहे, तर आता प्रमाण *बदललं* की आपण विचारू शकतो, कोणी बदललं? निवडीने, योगायोगाने, की लग्नांच्या रीतीने? सगळं पुढचं शास्त्र या प्रश्नावर उभं आहे.

कोरडवाहू

मस्त धागा. मी गव्हाच्या पैदाशीत काम करतो त्यामुळे एक नाव जोडतो, स्वीडनचा निल्सन-एले. १९०९ च्या सुमारास त्याने लाल आणि पांढऱ्या दाण्याच्या गव्हाचे संकर करून दाखवलं होतं की दाण्याचा लाल रंग एका नाही तर दोन-तीन घटकांवर ठरतो आणि म्हणून मधल्या छटा येतात. म्हणजे फिशरने जे गणितात केलं त्याचं बियाणं शेतात आधीच पडलेलं होतं. तेव्हा "गणित आधी, पुरावा मागून" हे सरसकट म्हणू नये असं मला वाटतं.

दुसरं, फिशर १९१९ ला रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागला आणि तिथल्या खत-पिकांच्या नोंदींवर काम करता करता त्याने प्रयोगाची मांडणी कशी करायची हेच बदलून टाकलं. आज आमच्याकडे कृषी विद्यापीठात पहिल्या वर्षाचं पोरगं प्लॉट पाडताना आरबीडी म्हणतं, ते रँडमाइज्ड ब्लॉक फिशरचेच. शेतात चिठ्ठ्या टाकून वाण कुठे पेरायचा ते ठरवतो तेव्हा रोज त्याची आठवण येते.

रानजाई

@कोरडवाहू, निल्सन-एलेचा मुद्दा मान्य, गव्हाच्या बाबतीत शेत पुढे होतं. पण पुढचं बघा. पतंगांचं उदाहरण घ्या, तिथे तर गणित जवळजवळ तीस वर्षं एकटंच उभं होतं.

सातासमुद्रापार

पतंगांचं मी लिहितो, कारण मी मँचेस्टरजवळ राहतो आणि ही गोष्ट इथलीच आहे. पेपर्ड मॉथ, पांढुरका, वर काळे ठिपके. काळा प्रकार मँचेस्टरला पहिल्यांदा नोंदला गेला १८४८ मध्ये, आणि १८९५ पर्यंत इथले साधारण ९८ टक्के पतंग काळे झाले होते. गिरण्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळी, त्यावर पांढरा पतंग पक्ष्याला लगेच दिसणार. हाल्डेनने १९२४ मध्ये फक्त या दोन आकड्यांवरून हिशोब केला की इतक्या कमी वर्षांत एवढा बदल व्हायला काळ्या पतंगाची पिल्लं गोऱ्यापेक्षा जवळपास दीडपट जगायला हवीत. त्या काळी लोकांना ते अशक्य वाटायचं, कारण निवड म्हणजे अगदी सूक्ष्म, एखाद्या टक्क्याची गोष्ट असा समज होता.

मग १९५३ ला केटलवेलने बर्मिंगहॅमच्या आणि १९५५ ला डॉर्सेटच्या जंगलात खुणा केलेले पतंग सोडून परत पकडले. काजळीच्या जंगलात काळे जास्त वाचले, स्वच्छ जंगलात गोरे. पुढे त्याच्या पद्धतीवर बरीच टीका झाली, पतंग खोडावर ठेवलेच कसे, घनता किती, वगैरे, आणि उत्क्रांती न मानणाऱ्यांनी त्याचं भांडवल केलं. तेव्हा केंब्रिजच्या मायकेल मेजेरसने हे सगळे आक्षेप लक्षात ठेवून नवा प्रयोग लावला, सहा वर्षं, ४८६४ पतंग. २००९ मध्ये तो गेला, निबंध लिहायचा राहिला, तो त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ ला प्रसिद्ध केला. पक्षीच खातात हे त्यात स्पष्ट आलं, आणि हवा आता स्वच्छ झाल्यामुळे या वेळी उलट काळे जास्त खाल्ले गेले. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर इथे काळे पतंग कमी कमी होत आता दिसेनासे झालेत. २०१६ ला तर तो जनुकातला बदलही सापडला, कॉर्टेक्स नावाच्या जनुकात डीएनएचा एक उडता, म्हणजे जागा बदलणारा, तुकडा येऊन बसलाय, आणि तो साधारण १८१९ च्या सुमारास बसला असा अंदाज आहे.

शेवंती

वाचतेय, फार सुंदर चाललंय. वाचनखूण साठवली. रशियन लोकांबद्दल कोणी लिहिणार का? दोब्झान्स्की हे नाव फक्त ऐकलंय.

रानजाई

@शेवंती, लिहिते, पण त्याच्या आधी चेत्वेरिकोव्ह, कारण त्याच्यावर फार अन्याय झाला. १९२६ मध्ये मॉस्कोत सर्गेई चेत्वेरिकोव्हने लिहिलं की जंगलातली प्राणीजात वरून एकसारखी दिसली तरी आतून लपलेल्या बदलांनी भरलेली असणार, कारण दबलेला घटक नुसता दबतो, नाहीसा होत नाही. मग त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी रानातल्या फळमाश्या पकडल्या, भावंडांचे संकर लावले, आणि खरंच लपलेले बदल बाहेर पडले. १९२९ ला त्याला अटक झाली, खटला वगैरे काही नाही, स्वेर्दलोव्स्कला हद्दपार, गट मोडला. इंग्रजीत त्याचं काम बहुतेकांपर्यंत फार उशिरा पोचलं.

दोब्झान्स्की युक्रेनमधला, १९२७ मध्ये फळमाश्यांवर जनुकांचा अभ्यास करणाऱ्या मॉर्गनच्या प्रयोगशाळेत काम करायला अमेरिकेला गेला आणि तिथेच राहिला, म्हणून वाचला असंच म्हणायला हवं. कारण मागे जे राहिले त्यांचं काय झालं बघा. निकोलाय वाविलोव्ह, ज्याने जगभर फिरून पिकांचं बियाणं गोळा केलं, त्याला १९४० मध्ये पकडलं आणि २६ जानेवारी १९४३ ला तो सारातोव्हच्या तुरुंगात वारला. पिकांवर आयुष्य घालवलेला माणूस अन्नावाचून खंगून गेला. १९४८ च्या ऑगस्टमध्ये मेंडेलला न मानणाऱ्या लिसेंको या शेतीतज्ज्ञाने सरकारी पाठिंब्याने सोव्हिएत देशात मेंडेलचं जनुकशास्त्र शिकवणंच बंद पाडलं. हे वाचताना मला अजूनही संताप येतो.

दोब्झान्स्कीने १९३७ च्या पुस्तकात फिशर-राईट-हाल्डेनचं गणित आणि रानातल्या माश्या एकत्र आणल्या, बीजगणित न येणाऱ्या जीवशास्त्रज्ञालाही कळेल अशा भाषेत. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात त्याने एकाच ठिकाणच्या माश्यांमधले गुणसूत्रांचे उलटे तुकडे महिन्यामहिन्याला मोजले तर प्रमाण ऋतूप्रमाणे खालीवर होत होतं. निवड इतकी जोरकस की एका वर्षात डोळ्यांना दिसावी.

वैनगंगा

मी गडचिरोली भागात रक्ततपासणीच्या कामात आहे. शीर्षकात सिकल सेल वाचलं म्हणून आले. इतिहास मला फारसा माहीत नाही पण रोजचं काम हेच आहे. आमच्याकडे लोक एएस आणि एसएस असंच बोलतात, "मी एएस आहे मॅडम, पोराचं काय?" एएस म्हणजे वाहक, सिकलचं जनुक (एस) एकाच पालकाकडून आलेला, त्याला सहसा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे दोन्हीकडून एस आलेला, आजारी, सांधे-हाडं दुखण्याचे झटके, रक्त कमी, वारंवार दवाखाना. आणि गडचिरोलीत मलेरियाही आहेच. मलेरियाचा आणि याचा संबंध आहे एवढं प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण कोणी शोधलं आणि कसं ते वाचायला आवडेल.

रानजाई

@वैनगंगा, तुम्ही आलात याचा फार आनंद झाला. १९४० च्या दशकात कोडं असं होतं की भूमध्य समुद्राच्या काठी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक एवढं जास्त का? दोन्हीकडून मिळालं तर मूल मरतं, म्हणजे ते दर पिढीला गळून कमी व्हायला हवं. काही लोक म्हणत होते की तिथे हा बदल नव्याने फार वेळा घडत असेल. हाल्डेन म्हणाला, नाही, ज्यांच्याकडे एकच प्रत आहे त्यांना मलेरियापासून संरक्षण मिळत असेल. १९४९ च्या एका निबंधात त्याने असंही मांडलं की माणसाच्या उत्क्रांतीत रोगराई ही फार मोठी निवड आहे. पुरावा त्याच्याकडे नव्हता.

तो आणला अँथनी अ‍ॅलिसनने. केनियात वाढलेला डॉक्टर. त्याने पाहिलं की किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी सिकल सेलचे वाहक खूप, आणि उंच थंड भागात, जिथे मलेरिया नाही, तिथे जवळजवळ नाहीतच. कल्पना त्याला स्वतंत्रपणे सुचली होती, १९५४ ला त्याने छापलं. त्याच सुमारास सिकल सेल म्हणजे नक्की काय तेही उलगडलं, १९४९ ला पॉलिंगच्या गटाने दाखवलं की हिमोग्लोबिनच वेगळं आहे, आणि मग इन्ग्रॅमने दाखवलं की फरक फक्त एका अमिनो आम्लाचा आहे, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. आणि १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकल सेल सापडल्याची नोंद आली. भारतातली ती सुरुवात.

आकडेमोड

यातलं गणित इतकं सुरेख आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही. उदाहरणादाखल आकडे धरतो. समजा एसएस मूल मोठं होऊन मूलबाळ होण्याआधीच दगावतं (जुन्या काळी असंच), आणि मलेरियामुळे एए (एस अजिबात नसलेल्या) माणसाचं एएसच्या तुलनेत १० टक्के नुकसान होतं. तर एस जनुकाचं प्रमाण कुठे येऊन थांबेल? ०.१ भागिले १.१, म्हणजे साधारण ९ टक्के. याचा अर्थ वाहक सुमारे साडेसोळा टक्के, आणि हजार जन्मांमागे आठेक एसएस मुलं. दर पिढीत ही आठ मुलं जातात आणि तरी जनुक हटत नाही, कारण दुसऱ्या टोकाला मलेरियाने त्याच्याहून जास्त एए माणसं जात असतात. निसर्गाला दया नसते हे मला या एका समीकरणात जेवढं कळलं तेवढं कुठेच नाही.

आता पुढे. उद्या मलेरिया पूर्ण गेला तर? तर एस कमी होईल, पण किती हळू बघा. ९ टक्क्यांवरून निम्म्यावर यायला ११ पिढ्या, म्हणजे पंचवीस वर्षांची पिढी धरली तर २७५ वर्षं. आणि तेही एसएस मुलांना काहीच उपचार मिळाले नाहीत असं धरून, जे सुदैवाने आता होत नाही.

प्रश्नचिन्ह

म्हणजे वाहकांनी मुलंच होऊ देऊ नयेत असं कोणी म्हणालं असेल ना त्या काळी?

रानजाई

म्हणालेच. यालाच युजेनिक्स म्हणत, आणि या शास्त्राच्या इतिहासातलं हे सगळ्यात काळं पान आहे, ते झाकून ठेवू नये. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्येच सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, १९३३ ला जर्मनीने. आणि फिशर स्वतः युजेनिक्सचा कट्टर समर्थक होता, त्याच्या १९३० च्या प्रसिद्ध पुस्तकाचा शेवटचा तिसरा हिस्सा त्यावरच आहे. एवढा बुद्धिमान माणूस, आणि गरिबांना जास्त मुलं होतात म्हणून समाज बुडेल या भीतीत अडकलेला. त्याच्या गणिताबद्दल मला अपार आदर आहे आणि या मतांबद्दल अजिबात नाही.

पण गंमत म्हणजे हेच गणित युजेनिक्सच्या मुळावर येतं. @आकडेमोड यांचं सूत्र दुर्मिळ आजाराला लावा, दहा हजारात एकाला होणारा, म्हणजे जनुक शंभरात एक. सगळ्या आजारी लोकांची नसबंदी केली तरी ते निम्म्यावर यायला १०० पिढ्या, अडीच हजार वर्षं! कारण जवळजवळ सगळी जनुकं धडधाकट वाहकांमध्ये लपलेली असतात. पनेटने असा हिशोब १९१७ मध्येच मांडला होता, आणि हाल्डेनने १९३८ च्या पुस्तकात सक्तीच्या नसबंदीवर शास्त्राच्याच आधाराने कडाडून टीका केली.

शेवंती

दंडवत. हा मुद्दा मला पूर्ण नवीन होता. आता हाल्डेन भारतात का आला ते सांगा ना.

रानजाई

१९५७ ला आला, बायको हेलन स्पर्वे हिच्याबरोबर, तीही जीवशास्त्रज्ञ. सुएझवर ब्रिटनने केलेल्या हल्ल्याचा निषेध हे त्याने जाहीर सांगितलेलं कारण. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्याला कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये घेतलं. तिथे तो कुर्ता घालायला लागला, मांसाहार सोडला, १९६१ ला भारताचा नागरिक झाला. पण त्याच वर्षी मतभेद होऊन त्याने ती संस्था सोडली आणि पुढे ओरिसा सरकारने, बिजू पटनाईक मुख्यमंत्री असताना, भुवनेश्वरला त्याच्यासाठी प्रयोगशाळा काढली. १ डिसेंबर १९६४ ला तिथेच गेला, देह काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजला दिला.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याने इथल्या पोरांना काय शिकवलं. महागडी यंत्रं नाहीत तर रडू नका, मोजा. त्याच्या एका सहकाऱ्याने, डेव्हिसने, नारळाच्या झाडांची पानं डावीकडे वळतात की उजवीकडे हे मोजण्यात वर्षं घातली. द्रोणमराजू आंध्रात नात्यातल्या लग्नांचा अभ्यास करत होता. सुरेश जयकरबरोबर हाल्डेनने १९६३ मध्ये लिहिलेला निबंध, निवडीची दिशा दर पिढीला बदलत राहिली तर काय होईल यावरचा, तो आजही दाखला म्हणून वापरतात. आणि बेटसन-पनेटनी १९१० ला सुरू केलेलं जर्नल ऑफ जेनेटिक्स तो येताना घेऊन आला, ते आज बंगळुरूहून निघतं.

सातासमुद्रापार

हाल्डेनचं एक राहिलं. येण्याच्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्याने हिशोब केला होता की निवडीने एक जनुक पूर्ण बदलायला साधारण ३०० पिढ्या लागतात, कारण प्रत्येक बदलासाठी मरणाची किंमत मोजावी लागते. १९६८ मध्ये जपानच्या मोतू किमुराने हाच आकडा घेतला आणि प्रोटीनमधल्या फरकांशी ताडून पाहिला, तर सस्तन प्राण्यांत साधारण दर दोन वर्षांना एक बदल होत असावा असं निघालं. जुळणारच नाही. तेव्हा किमुराने म्हटलं, रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल निवडीने होतच नाहीत, ते तटस्थ असतात, ना फायद्याचे ना तोट्याचे, आणि योगायोगाने पसरतात.

कोरडवाहू

आणि इथे मी परत माझा मुद्दा रेटतो! किमुराला हे बोलायला भाग पाडलं ते प्रयोगशाळेने. १९६६ मध्ये शिकागोला लेवोंटिन आणि हबी यांनी माश्यांची प्रोटीनं जेलवर विजेने पळवली तर तपासलेल्या जनुकांपैकी ३० टक्क्यांमध्ये एकापेक्षा जास्त प्रकार निघाले. एवढं वैविध्य असेल असं ठामपणे सांगणारं एकही समीकरण त्याआधी नव्हतं. पुरावा पुढे, गणित मागे धावत.

रानजाई

@कोरडवाहू, इथे तुमचं पारडं जड आहे. फक्त एवढंच जोडते की योगायोगाचं जे गणित किमुराने वापरलं त्याचा पाया सूअल राईटने १९३१ लाच घातला होता, आणि फिशर आयुष्यभर त्याच्याशी त्यावरून भांडला. आणि तोमोको ओहता यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९७३ मध्ये ओहताबाईंनी दाखवलं की तटस्थ आणि घातक यांच्या मधे फार मोठा पट्टा आहे, किंचित हानिकारक बदलांचा, आणि लोकसंख्या लहान असेल तर तेही निसटून पसरतात, मोठी असेल तर निवड त्यांना अडवते. आज जीनोम वाचणारे लोक जास्त करून ओहताबाईंच्याच चौकटीत विचार करतात, पण पुस्तकांत किमुराचं नाव मोठ्या अक्षरात. २०१५ मध्ये त्यांना आणि लेवोंटिनला मिळून क्राफुर्ड पुरस्कार मिळाला.

प्रश्नचिन्ह

शेवटचा प्रश्न. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अगदी सर्रास होतं. ते यात कुठे बसतं?

आकडेमोड

राईटने १९२२ मध्ये त्याचं माप दिलं. मामे-आते भावंडांच्या मुलामध्ये एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती त्याच एका पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सोळात एक. मामा-भाचीच्या लग्नात आठात एक. सर्रास दिसणाऱ्या जनुकांना याने फार फरक पडत नाही, दुर्मिळ दबलेल्या आजारांना पडतो. वरचाच शंभरात एक वाला आजार घ्या, एरवी दहा हजारात एक, मामेबहिणीशी लग्न केलं तर साधारण चौदाशेत एक. मुंबईत १९५२ ला भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला बॉम्बे ब्लड ग्रुपही दोन दबलेल्या प्रती एकत्र आल्या तरच दिसतो, त्यालाही हेच लागू.

वैनगंगा

सगळं दोनदा वाचलं. २७५ वर्षांचा हिशोब मी आमच्या टीमला दाखवणार आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकल सेल मिशन सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य आहे, आणि काही जण विचारतात की तेवढ्यात हे जनुक संपेल का. आता नीट सांगता येईल की जनुक राहणारच आहे, आपलं काम एसएस मूल वेळेत सापडणं, त्याला औषध चालू होणं आणि जोडप्याला आधी माहिती मिळणं हे आहे.

एक गोष्ट मात्र गणितवाल्यांनी सोप्या भाषेत लिहून द्या. दोघं एएस असले की आम्ही चारात एक सांगतो, आणि लोक समजतात की पहिलं मूल एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली.

आकडेमोड

@वैनगंगा, असं सांगून बघा: दर गरोदरपणाला चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात, चार चिठ्ठ्या, एक एसएस, दोन एएस, एक एए, आणि उचललेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची. पहिल्या खेपेला काय निघालं ते डब्याला आठवत नाही. प्रत्यक्ष डबा आणि चिठ्ठ्या घेऊन जा, बाईच्या हातानेच पाच-सहा वेळा काढून घ्या. कधी एसएस लागोपाठ दोनदा येईल, कधी एकदाही येणार नाही, आणि दोन्ही वेळा डब्यात चिठ्ठ्या चारच आहेत हे त्यांना मोजून बघू द्या.